व्याह्यांच्या हातचा ठेचा

सातारच्या स्टँडवर पहाटेच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याकडे सामानाचे तीन नग होते. एक कपड्यांची बॅग, एक कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि एक थाप. पहिले दोन नग मी वरच्या फळीवर टाकले. तिसरा मांडीवर घेऊन छत्रपती संभाजीनगरपर्यंत आलो.

थाप जुनी आहे. माझी मुलगी प्राजक्ता नऊ वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. स्वयंपाकातलं मला कुकरची शिट्टी सोडून काही कळत नव्हतं. प्राजू मुकाट्याने सगळं खायची, फक्त ठेच्याला अडायची. आई दगडी खलात हिरव्या मिरच्यांचा ठेचा कुटायची, तसाच हवा. मी दोन दिवस कुटला. तिसऱ्या दिवशी बत्ता अंगठ्यावर घेतला आणि नखाचा रंग माझ्या पेटीतल्या कुठल्याही रंगाशी जुळेना. मग मी मिक्सरला शरण गेलो. पण पोरीला काय सांगणार? माझी शाळा सकाळची, तिची दुपारची. ती यायच्या आत मी मिक्सरमधला ठेचा तिच्या आईच्या खलात काढायचो, थोडा कडांना फासायचो, वर बत्ता उभा करून ठेवायचो. मग कपाळ पुसत तिला खलातूनच वाढायचो. असं बारा-तेरा वर्षं चाललं.

आता ती शेंद्र्याला नांदते. तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. लग्नाला दीड वर्ष झालं. तिच्या सासरचे लोक शेतकरी. जुन्या घरात जमिनीत रोवलेलं उखळ होतं, त्यात विहीणबाई ठेचा कुटायच्या. प्राजूने तो खाल्ला, छान आहे म्हणाली आणि पुढे जोडलं की माझ्या अप्पांच्या हातचा मात्र वेगळाच लागतो. मिक्सरचा ठेचा तर ती तोंडातसुद्धा घेत नाही, हेही तिने तिथे अभिमानाने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी नवं घर बांधलं. फरशीच्या घरात उखळ कुठलं? तेव्हा विहीणबाईंनी ठरवलं की आता एक चांगला खल घ्यायचा, आणि तो इवायाने (मराठवाड्यात व्याह्याला इवाई म्हणतात) स्वतः येऊन निवडायचा. पहिला ठेचाही मीच करायचा. भावकीतली चार माणसं जेवायला बोलवायची. फोनवर मी 'हो हो' म्हणत राहिलो. नकार देऊन पोरीचा शब्द तिच्या सासरी खाली पाडायचा, हे माझ्याने होणार नव्हतं.

पुण्याच्या पुढे नगर गेलं, गोदावरीचा पूल गेला. वेचून झालेला कापूस, मधूनच पिवळी फुललेली तूर, पोपटी शाळू असं सगळं खिडकीतून मागे पडत होतं. मग माथा कापल्यासारखे सपाट काळे डोंगर दिसायला लागले. एरवी मी स्केचबुक काढलं असतं. त्या दिवशी एवढा सगळा दगड बघून मी खिडकीकडे पाठ फिरवली.

प्राजूला मी संध्याकाळी सहाला पोचेन असं सांगितलं होतं. पोचलो तीनला. मधले तीन तास मला अभ्यासाला हवे होते. रिक्षा करून शहागंजात उतरलो. आधी पोटाची सोय म्हणून नान-खलिया मागवला. ताटाएवढा पिवळसर नान आणि लाल तेलाचा थर असलेला मटणाचा रस्सा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला मी ठेचा, खल, सगळं विसरलो. तिसऱ्याला पुन्हा आठवण झाली आणि उठलो.

जवळच्या गल्लीत भांड्यांचं दुकान होतं. मालक साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. मी त्यांना म्हटलं, चांगला खल कसा ओळखायचा ते मला शिकवा. त्यांनी पितळी पानकुटा दाखवला, लोखंडी दाखवला, मग संगमरवरी पांढराशुभ्र ठेवला समोर. कुणासाठी हवा आहे, असं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. परक्या माणसाला खरं सांगणं किती सोपं असतं. त्यांनी संगमरवरी खल उचलून परत फळीवर ठेवला.

"चाचा, ये सब दिखावे का माल है," ते म्हणाले. "असली पत्थर होना तो पैठण रोड जाना. ठोक के देखना, कान लगा के सुनना. टन्न बोला तो अच्छा, भद्द बोला तो नक्को."

हा एक धडा घेऊन मी शेंद्र्याला निघालो. जालना रस्त्याला शहर संपता संपत नाही. एका बाजूला कारखान्यांच्या निळ्या पत्र्याच्या शेड, दुसऱ्या बाजूला ज्वारी, आणि मधून शिफ्ट सुटलेल्या मोटारसायकली. प्राजूच्या घरी सगळे ओसरीत उभेच होते. जावई अमोल, व्याही भगवानराव, विहीणबाई आणि खुर्चीत भगवानरावांचे वडील, तात्या. तात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना गेल्याच आठवड्यात नवी कवळी बसली होती. सहा महिने खिमट आणि वरण खाऊन कंटाळलेला तो माणूस माझ्याकडे ज्या आशेने बघत होता, तशा आशेने माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं.

"तुमच्या ठेच्यासाठी दात करून घेतल्यात," तात्या म्हणाले.

प्राजू हसली. एवढी खुशीत होती की मला तिच्याकडे धड बघवेना.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी काढली होती. ती, विहीणबाई आणि मी, अमोलच्या गाडीतून पैठण रस्त्याला चितेगावच्या अलीकडे गेलो. रस्त्याकडेला लिंबाखाली पाटे, वरवंटे, जाती, खल रांगेने मांडलेले. मागे एक बाई छिन्नीने पाट्याला टाके घालत बसली होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. नाव रुक्माबाई. विहीणबाईंनी तिला माझी ओळख करून दिली ती अशी की हे साताऱ्याचे आमचे इवाई, ठेच्यातले जाणकार.

जाणकाराने लगेच कामाला सुरुवात केली. मी उकिडवा बसलो, एकेका खलाला बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, डोळे मिटले. चौथ्या खलापर्यंत मला सगळे आवाज सारखेच वाटायला लागले होते. रुक्माबाईंनी छिन्नी खाली ठेवली.

"टरबूज घेताय का, दादा?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. प्राजूने मात्र रुक्माबाईंना गंभीरपणे समजावलं की अप्पांची तपासायची पद्धत आहे ती. पोरगी कारखान्यात रोज शेकडो नग तपासते, आणि माझ्या या नाटकावर तिचा पूर्ण विश्वास होता.

मी एका चकचकीत काळ्या खलाशी थांबलो. मशीनवर घोटलेला, आरशासारखा. हात फिरवला आणि 'वा' म्हणणार तेवढ्यात विहीणबाईंना खोकला आला. मी हात पुढच्या खलावर नेला. खोकला थांबला. हा राखाडी होता, ओबडधोबड, आतून बारीक टाक्यांचा. परत चकचकीतकडे हात नेऊन पाहिला, परत खोकला. शेवटी राखाडी खल दोन्ही हातांनी धरून मी जाहीर केलं की हाच.

रुक्माबाई पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाल्या. चकचकीत खलात मिरची नुसती घसरत फिरते, फुटत नाही, असं त्यांनी सांगितलं. चांगल्या खलाचं पोट खोल असावं, बत्त्याचं डोकं त्याच्या तळाशी बसावं, आणि कुटताना खल जागचा हलू नये एवढं त्याला वजन असावं. मी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होतो, जणू मीच त्यांची परीक्षा घेत होतो. मग त्या म्हणाल्या, "नवा हाय बरं का, यात आधी..."

"मला नका सांगू," मी म्हणालो. "माझा जन्म गेला यात."

रुक्माबाईंनी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाईंनी आकाशाकडे बघितलं. खल गाडीत चढला.

माणसाने आयुष्यात निदान एकदा तरी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. ते वाक्य पुरं झालं असतं तर मला कळलं असतं की नव्या टाक्यांच्या खलात दगडाची कच असते. त्यात चार-आठ दिवस ओली ज्वारी, तांदूळ कुटून टाकायचे असतात. सुटलेली सगळी भुकटी निघून गेल्यावरच त्यात खायचं काही करायचं. मी आयुष्यभर ज्या खलाला ठेचा फासत आलो, तो माझ्या सासूबाईंपासून वापरातला. त्याची कच कुणी आणि कधी काढली, हे मला कसं माहीत असणार? प्राजूलाही माहीत नव्हतं. विहीणबाईंना पक्कं माहीत होतं. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलंही, आजच करायचा का? मी म्हणालो, आजच. धुवून? धुवून. त्या मिरच्या निवडायला बसल्या. साताऱ्याकडं तशी पद्धत असेल, असं त्यांनी मनाला समजावलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सुनेच्या बापाला शिकवायला जायचं म्हणजे त्याचा अपमान, आणि इवायाचा अपमान त्या घरात गेल्या तीन पिढ्यांत कुणी केलेला नव्हता.

दुपारी अंगणात सतरंज्या पडल्या. 'भावकीतली चार माणसं' म्हणजे चौदा निघाली. सगळ्यांच्या मधोमध पोत्यावर खल, आणि खलापुढे मी. तव्यावर भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, जिरं, खडेमीठ, सगळं विहीणबाईंनी ताटात मांडून दिलं होतं. मी बत्ता मुठीत आवळून धरला आणि हाणला. एक मिरची उडून भगवानरावांच्या टोपीवर बसली. दुसऱ्या घावाला लसणाची पाकळी तात्यांच्या मांडीत गेली. तिसऱ्याला मिरचीचं बी माझ्याच डोळ्यात. मी एका डोळ्याने कुटत राहिलो आणि लोक आदराने मागे सरकत राहिले.

तेवढ्यात विहीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी दोन्ही तळव्यांचा आडोसा खलाच्या तोंडाभोवती धरला आणि हळूच म्हणाल्या, "कुटा तुम्ही. मी धरते."

असा तो ठेचा झाला. रंगाने झकास हिरवा, वासाने तर शेजारचे दोघे शिंकले. पंगत बसली. ज्वारीच्या भाकरी, येसर आमटी (भाजलेल्या डाळी-धान्याच्या मसाल्याचं इकडचं खास कालवण), भरीत, दही आणि प्रत्येकाच्या ताटात मानाच्या जागी माझा ठेचा.

पहिला घास भगवानरावांनी घेतला. चावला. कच्. त्यांचा जबडा मध्येच थांबला, डोळे किंचित मोठे झाले, मग त्यांनी अगदी सावकाश उरलेला घास फिरवला. कच् कच्. गिळला.

"लई झ्याक," ते म्हणाले.

यजमानाने असं म्हटल्यावर पंगतीला दुसरा मार्ग राहिला नाही. चौदा माणसं खाली मान घालून चावायला लागली आणि अंगणात बैलगाडी खडीवरून चालल्यासारखा आवाज निघायला लागला. कुणी कुणाकडे बघेना. एका काकांनी घास न चावताच गिळला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. भगवानरावांनी तर माझा मान राखायला आणखी एक चमचा मागून घेतला, तेव्हा त्यांच्या दोन्ही भावांनाही तो घ्यावा लागला. मीही घास घेतला. पहिल्याच चाव्याला माझ्या दाढेखाली चितेगावचा डोंगर आला.

तात्या खातच होते. त्यांची नवी कवळी दर घासाला निराळा आवाज काढत होती. सहा महिने वाट बघून मिळालेला तो घास माणूस तोंडातून काढायला तयार नव्हता.

मी प्राजूकडे बघितलं. ती वाढायला उभी होती, तिने उभ्यानेच बोटभर ठेचा चाखला होता. तिचा चेहरा उतरला. तिला काहीतरी चुकलंय हे कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पांचा ठेचा असा जरा भरडच असतो. लहानपणापासून मी असाच खाल्लाय."

माझी पोरगी माझ्यासाठी चौदा माणसांसमोर खोटं बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या थापेची लाज वाटली. इतकी वर्षं मी ती तिच्यासाठी मारतोय असं समजत होतो, आणि आता त्या थापेचं ओझं तिच्या डोक्यावर गेलं होतं. एकसष्टाव्या वर्षी मांडी घातलेल्या माणसाला झटकन उठता येत नाही, म्हणून मी बसल्या जागेवरूनच बोललो. सगळं सांगितलं. अंगठा, मिक्सर, खलाच्या कडांना फासलेला ठेचा, उभा केलेला बत्ता, सगळं. मला खल निवडता येत नाही, ठेचा कुटता येत नाही, आणि ताटात जे कचकचतंय तो दगड आहे, हेही.

भगवानरावांनी घास ताटात ठेवला.

"मंग आता थुकलं तर चालंल ना?" त्यांनी नम्रपणे विचारलं.

सगळी पंगत एकदम मोरीकडे धावली. हसण्याचा आणि चुळा भरण्याचा एकच गोंधळ उडाला. तात्यांनी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात खळबळवली, उन्हात धरून नीट बघितली आणि सगळ्यांना सांगितलं की दात शाबूत आहेत. माझ्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की मीही हसायला लागलो. मग दिसलं की प्राजू तिथे नाही. ती आत गेली होती, आणि खोलीचं दार लावलेलं होतं.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत बूट घालून कामावर गेली, तेव्हाही नाही. मी बॅग भरायला घेतली. विहीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या की पोर रुसलेली असताना बापाने गाडीत बसायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे त्या खलाची कच कोण काढणार? मग त्यांनी पदर खोचला आणि मला शिकवायला बसल्या. आता मी व्याही राहिलोच नव्हतो, त्यामुळे त्यांना बोलायला काही अडचण नव्हती.

"बत्ता असा आवळत्यात का? कुऱ्हाड हाय का ती? सैल धरा. त्याचं त्याला पडू द्या."

मूठभर ओली ज्वारी घालायची, कुटायची, मग बत्ता कडेकडेने गोल फिरवून घोटायची. निघेल ते राखाडी पीठ फेकायचं, धुवायचं, पुन्हा मूठभर. मग तांदूळ. तांदळाचं पीठ पांढऱ्याचं पांढरं निघेपर्यंत खल खाण्याजोगा झाला असं समजायचं नाही. मी विचारलं की तुम्हाला माझं बिंग कधी कळलं? त्या म्हणाल्या, चितेगावलाच, टकटक करायला लागलात तेव्हा. मग सांगितलं का नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची मूठ घातली.

अमोल रोज विचारायचा, अजिंठ्याला जाऊ या का, वेरूळला जाऊ या का. मी नाही म्हणायचो. जग ज्या मुलखात लेणी बघायला येतं, तिथे येऊन चार दिवस एका वाटीएवढं लेणं घासत बसलेला मी पहिलाच प्रवासी असेन. हाताला फोड आले. खांदा बोलायला लागला. पण तिसऱ्या दिवशी तांदळाचं पाणी पहिल्यांदा जरासं दुधासारखं दिसलं आणि मी आनंदाने विहीणबाईंना हाक मारली.

प्राजू त्याच वेळी कामावरून आली. ओसरीच्या पायरीवर माझ्याजवळ बसली. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तिने विचारलं, "रोज? रोज खलाला लावून ठेवायचात?"

"शाळेतून यायच्या आत," मी म्हणालो.

"म्हणजे मिक्सरचं भांडं घासायचं, लपवायचं. वर पुन्हा आईचा खल रोज बरबटवायचा आणि तोही घासायचा."

"हो."

"त्यापेक्षा कुटणं सोपं होतं, अप्पा."

हे माझ्या इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं. तिने माझ्या हातावरचे फोड बघितले आणि आत जाऊन खोबरेल तेल आणलं. तेल लावताना फोडांवर अंगठा जरा जास्तच दाबला, त्यावरून मी ओळखलं की राग उतरायला लागलाय.

चौथ्या दिवशी पीठ पांढरं निघालं. विहीणबाईंनी बोटाने चाखलं, दाताखाली घोळवलं आणि मान हलवली. त्याच संध्याकाळी, प्राजू कामावरून आल्यावर, मी ठेचा केला. बत्ता सैल, डावा तळवा खलाच्या तोंडावर, आधी मिरची-मीठ, मग लसूण, शेंगदाणे शेवटी. एकही मिरची उडाली नाही. या वेळी घरातलेच जेवायला होते. तात्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि दुसरा घास संपेपर्यंत उघडले नाहीत. भगवानराव नुसती भाकरी मागत राहिले. मीही खाल्ला. मिरचीचा तिखटपणा आधी, लसूण मागून, आणि शेंगदाणा कुठेकुठे अर्धा फुटलेला. इतका चांगला ठेचा मी जन्मात केला नव्हता. खरं म्हणजे ठेचाच केला नव्हता.

सगळे प्राजूकडे बघत होते. तिने सावकाश खाल्लं.

"फार छान झालाय," ती म्हणाली. मग तिने भाकरी खाली ठेवली. "पण तो नाही."

आम्ही सगळे गोंधळलो. मिरच्या त्याच, मीठ तेच, खल शुद्ध, आणि कुटला मी स्वतः, पहिल्यांदा खराखुरा. आता आणखी काय राहिलं? भगवानरावांना वाटलं पाणी. अमोलला वाटलं साताऱ्याची मिरची. विहीणबाई मात्र उठल्या. माळ्यावरून एक पुठ्ठ्याचं खोकं खाली काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. लग्नात मीच रुखवतात दिलेला मिक्सर होता. प्राजूने तो दीड वर्षात उघडलेला नव्हता.

"करा," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला येतो तसा."

मी केला. छोट्या भांड्यात मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ. नुसतं कोरडं असलं तर पातं धरत नाही, म्हणून दोन चमचे पाणी. तीन वेळा फिरवून थांबायचं, झाकण उघडून चमच्याने खाली लोटायचं, पुन्हा दोन वेळा. हे मला डोळे मिटून येतं. या कामात मात्र माझा जन्म खरोखरच गेला होता.

प्राजूने भाकरीचा तुकडा त्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. मग तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली.

"हाच," ती म्हणाली. "हाच, अप्पा."

विहीणबाईंनीही बोटभर चाखला. चार दिवसांपूर्वी त्यांनी माझा दगड गिळला होता. आता त्या माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "पाणचट हाय. आन् लसूण कच्चा." मला एवढं बरं वाटलं की मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परत निघालो. प्राजूने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती स्टँडवर पोचवायला आली. आता घरात दोन ठेचे होतील, असं तिने सांगितलं. बाकी सगळ्यांना खलातला आणि तिला एकटीला मिक्सरचा, त्यावरून सासूबाई तिला रोज बोलणार आणि ती ऐकून घेणार. गाडी सुटली. डोंगर पुन्हा खिडकीत आले, तेच काळे आणि सपाट. या वेळी मी स्केचबुक काढलं, पण दोन रेघांच्या पुढे हात गेला नाही.

तिची आई गेल्यापासून मी समजत होतो की मी पोरीला तिच्या आईची चव देतोय, आणि तीही खोटी करून. त्या चोरीची मला मनातून भीती वाटत राहिली. पण आईचा ठेचा तिला आता आठवतही नाही, नऊ वर्षांची होती ती. सासरी बसून दीड वर्ष तिने ज्याची आठवण काढली, तो पाणचट, कच्च्या लसणाचा ठेचा माझा होता. एवढं कळायला मला शेंद्र्याला जावं लागलं. गोदावरीच्या पुलावर गाडी आली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, काय हो, डोळ्यात काही गेलं का? मी म्हणालो, नाही, मुलीकडून आलोय.